सांभाळून

"आई, तुम्ही जरा बाहेर बसा," सिस्टर म्हणाली आणि तिने दार पुढे ढकललं.

कडी लावली नाही. पण दार जुनं, ओलीने फुगलेलं. ते चौकटीत अडकून आपोआप घट्ट बसलं. एवढंच झालं. तरी ती पर्स छातीशी धरून तिथेच उभी राहिली, जणू आपलं काहीतरी आत राहिलंय आणि आता ते कुणीतरी बाहेर आणून देईल. तिला बाहेर काढलं होतं. आजवर पोरीला जिथे जिथे नेलं, कान दुखला तेव्हा, दात किडला तेव्हा, पायात खिळा गेला तेव्हा, तिथे तिथे डॉक्टर तिच्याशीच बोलले होते. कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, सगळं तिलाच विचारायचे, आणि पोरगी तिच्या पदराआड उभी असायची. आज पोरगी आत खुर्चीवर आणि ती बाहेर बाकड्यावर. बाकड्याची एक फळी सैल होती. बसताना ती खाली दबली आणि शेजारी खोकणाऱ्या म्हातारीने तिच्याकडे रागाने पाहिलं. काल संध्याकाळी भांडी विसळताना पोरगी म्हणाली होती, "आई, माझं पोट दुखतंय. दवाखान्यात जाऊ या?" तापाने फणफणली तरी शाळा न चुकवणारी, स्वतःहून दवाखान्याचं नाव न काढणारी पोरगी. ते ऐकलं आणि तिच्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच भरत राहिलं, भरून सांडत राहिलं. पोट. सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हा शब्द. लाँड्रीत अर्ध्या दिवसाची रजा सांगताना कारण विचारलं तेव्हाही तो शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही. पोरीला बरं नाही, एवढंच म्हणाली.

तिचं स्वतःचं वय बत्तीस. हे सांगायला तिला आवडत नसे. सांगितलं की समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग पोरीकडे, आणि मग त्याच्या डोळ्यांत वजाबाकी सुरू व्हायची. शाळेतल्या बाईंनी केली होती, घरमालकिणीने केली होती, लाँड्रीतल्या बायकांनी तर पहिल्याच दिवशी केली होती. बेरीज येत नसलेल्या माणसालाही ही वजाबाकी लगेच जमायची. उत्तर आलं की चेहऱ्यावर काहीतरी बारीकसं व्हायचं. कुणाची भुवई हलायची, कुणी उगाच गोड बोलायला लागायचं. सिस्टरनेही आधी विचारलंच होतं, "तुम्ही मोठी बहीण का?" "आई," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली. पण सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने फक्त पोरीला बसायला सांगितलं आणि तिला बाहेर बसवलं. आता वाटत होतं, त्यापेक्षा वजाबाकी परवडली असती. तिची सवय होती.

समोरच्या भिंतीवर एक मोठा रंगीत कागद लावलेला होता. त्यावर एका मुलीचं चित्र होतं, दोन वेण्या घातलेल्या, कडेवर तान्हं मूल. मुलीचे डोळे चित्रकाराने उगाच मोठे केले होते, रडू आवरून धरल्यासारखे. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, लहान वयातलं मातृत्व टाळता येतं. ती ते वाचत राहिली. टाळता येतं. खड्डा टाळता येतो, गर्दी टाळता येते, भांडण टाळता येतं. जी गोष्ट टाळता येते म्हणून सरकारने एवढा कागद छापला होता, ती गोष्ट आत्ता दाराच्या पलीकडे बसली होती. तिला उजव्या गालावर खळी पडते. गणितात तिला बरे मार्क असतात. झोपेत ती दात खाते. हा कागद तिने आत जाताना वाचला असेल का? तिला एकदम वाटलं, उठावं आणि तो कागद फाडून टाकावा. लगेच असंही वाटलं की आपण सोळाव्या वर्षी जिथे जिथे उभ्या होतो तिथल्या प्रत्येक भिंतीवर हा कागद असायला हवा होता. दोन्ही एकदमच वाटलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती सैल फळीवर बसून राहिली.

तिलाही त्या वयात सांगितलं गेलं होतं, नाही असं नाही. पहिल्यांदा कपडे खराब झाले त्या दिवशी तिच्या आईने तिला मोरीत नेलं, जुनं कापड हातात दिलं आणि म्हणाली, "आता सांभाळून राहायचं." बास. आई स्वयंपाकाला निघून गेली. सांभाळून. काय सांभाळायचं, कशापासून, किती दिवस? तिला वाटलं, पडायचं नाही, भिंतीवर चढायचं नाही. म्हणून तिने दोरीवरच्या उड्या सोडल्या, जिना हळू उतरायला लागली. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एक धडा गाळला होता. घरी वाचून घ्या म्हणाल्या होत्या, आणि वर्गातल्या मुली पुस्तकात तोंड खुपसून हसल्या होत्या. तिनेही घरी ते पान उघडलं. त्यात बाणच बाण होते आणि प्रत्येक बाणाला एक अवघड नाव होतं. त्यात ती स्वतः कुठेच नव्हती. मग शेजारच्या इमारतीत फरशी बसवायला आलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा पाणी मागायला दारात आला. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची, त्यामुळे तो एकाच वेळी लहान आणि म्हातारा दिसायचा, आणि ती हसायची. ती सांभाळूनच राहिली होती. जिना हळूच उतरत होती. जे झालं त्याचा आणि मोरीतल्या त्या शब्दाचा काही संबंध आहे हे तिला पाचव्या महिन्यात कळलं. आईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आधी तिच्या थोबाडीत मारली, मग स्वतःच्या मारून घेतली. "तुला सांगितलं होतं ना!" आई ओरडत होती. "सांगितलं होतं ना मी!" आणि ती खरंच आठवत होती, काय सांगितलं होतं ते.

आतून हसण्याचा आवाज आला.

तिने कान टवकारले. पोरगीच होती ती. घरात इतक्यात न ऐकलेलं हसू, आधी नाकातून सुटलेलं, मग न आवरलेलं. सिस्टरही हसत होती. रडण्याची तयारी करून ती बसली होती. रडण्याचा आवाज आला असता तर तिला काय करायचं ते ठाऊक होतं. दार ढकलून आत गेली असती. हसण्याचं काय करायचं? शेजारची म्हातारी म्हणाली, "तुमची पोरगी का? बराच वेळ झाला हो." "होईल एवढ्यात," ती म्हणाली. मग दार अडकत, कुरकुरत उघडलं आणि पोरगी बाहेर आली. नळाला पाणी आलंय म्हणून सांगायला यावी, तशी सहज.

दोघी घरी निघाल्या. उघड्या गटारावरच्या फरशा ओलांडताना पोरगी पुढे, ती मागे. पूर्वी ती पुढे असायची आणि हात मागे करायची. "काय म्हणाली?" "काही नाही. पाळीत दुखतं त्याची गोळी दिली." "मग एवढा वेळ?" "बोलत होतो." "काय?" "असंच, आई." असंच. पोरगी मान खाली घालून चालत होती आणि ती मागून तिच्या कमरेकडे, चालीकडे, टाचेकडे बघत होती. असंच आपल्याकडे बघितलं जायचं, हे लक्षात आलं तेव्हा तिने नजर उचलून दुकानांच्या पाट्यांवर नेली. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाचं घर होतं. तिथली मुलगी पोरीच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसायची. शाळा उघडल्यापासून ती शाळेत दिसली नव्हती, गल्लीतही नाही. दार दिवसभर लावलेलं असायचं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पोरगी त्या घरासमोर क्षणभर हळू झाली, मग भरभर चालायला लागली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. लोकांसमोर ती त्याला अहो म्हणायची, घरात मात्र अजूनही अरेच. दोघंही पोरवयाची असताना पडलेली सवय मोडली नव्हती. तो गुडघ्याला तेल चोळत बसला होता. दिवसभर ओणवं बसून फरशा ठोकायच्या, पस्तिशीतच गुडघे म्हाताऱ्याचे झाले होते. "तू बोल की तिच्याशी," ती म्हणाली. "मी काय बोलणार?" "का? तुला तोंड नाही?" "आहे. पण हे तुम्हा बायकांचं." ती त्याच्याकडे बघत राहिली. बरा माणूस होता. त्या वेळी पळून गेला नव्हता. मालकाच्या हातापाया पडून कामाच्या जागीच एक खोली मिळवली होती, बाळंतपणात दवाखान्याच्या फाटकाशी रात्रभर उकिडवा बसला होता. पण त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सोळा वर्षांत एकदाही तो या गोष्टीबद्दल तिच्याशी बोलला नव्हता. फाटकाच्या बाहेर बसायची सवय त्याला तेव्हा लागली ती लागलीच.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिचं मन लागेना. हॉटेलांच्या चादरींचा ढीग छातीएवढा. ओल्या चादरीची दोन टोकं तिने धरायची, दोन टोकं समोरच्या बाईने, ताणून गरम रोलरच्या तोंडाशी द्यायची; पलीकडे चादर कडक, पांढरी, शहाणी होऊन बाहेर पडायची. समोरची बाई वयाने मोठी, तोंडाने फाटकी. "काय गं, आज हात कुठे, डोकं कुठे?" "पोरगी," ती म्हणाली. समोरचीला तेवढं पुरलं. "लग्न लावून टाक," ती ओरडली, कारण यंत्राच्या आवाजात सगळं ओरडूनच बोलावं लागायचं, "म्हणजे तुझी कटकट गेली." वाफ तोंडावर येत होती. लग्न तिचंही लावून टाकलं होतं, सातव्या महिन्यात, चार माणसांत. त्याने कुणाची कटकट गेली होती? प्रसूतीच्या खोलीत कळा सोसवेनात म्हणून ती ओरडली, तेव्हा एक आया म्हणाली होती, "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नाही लाज वाटली?" तेव्हा. सगळे जण तेव्हा म्हणायचे. जणू ते एखादं ठिकाण होतं आणि ती तिथे जाणूनबुजून चालत गेली होती. पोरगी सिस्टरशी काय बोलली असेल? हसली का? म्हणजे भीती नसेल. की भीतीपोटीच हसतात? आपण तेव्हा कधी हसलो होतो? तिच्या हातातलं टोक सुटलं, चादर तिरकी आत गेली, गुंडाळली, आणि करपल्याचा वास सुटला. सुपरवायझर धावत आला. तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. "मला जायचंय," ती म्हणाली, आणि गळ्यातलं फडकं काढून ठेवून निघाली.

दवाखान्यात दुपारी गर्दी नव्हती. सिस्टर खिडकीशी उभी राहून डब्यातलं उरलेलं खात होती. तिने धापा टाकतच विचारलं, "काल माझी मुलगी काय बोलली तुमच्याशी?"

सिस्टरने डबा झाकला. "ते मी नाही सांगणार."

"मी आई आहे तिची."

"माहीत आहे."

"मग? मी तिला आणलं. मी रजा टाकली. मला बाहेर काढलंत, कुत्र्यासारखं बाकड्यावर बसवलंत, आत दोघी फिदीफिदी हसत होतात, आणि मला सांगणार नाही? तिला काही झालं तर निस्तरणार कोण, तुम्ही?"

आवाज चढला होता. बाकड्यावरची माणसं वळून बघत होती. सिस्टर तिच्याच वयाची असेल. केसांत एक पांढरी बट, डोळ्यांखाली काळं. ती शांतपणे म्हणाली, "आज मी तुम्हाला सांगितलं, की उद्या ती येणार नाही. तिच्या मैत्रिणी येणार नाहीत. आणि ज्या येत नाहीत ना, त्या मग एकदाच येतात. फार उशिरा येतात. गेल्या महिन्यात एक आली. त्या वयात तिची ती अवस्था मला बघवली नाही." पिवळं घर, तिच्या मनात आलं. "तुमची मुलगी वेळेत आली," सिस्टर म्हणाली. "एवढं मी सांगते. बाकीचं तिला विचारा."

वेळेत. तो शब्द तिला लागला. राग होता, पण कुणावर होता हेच सापडेना. सिस्टरवर नव्हता. पोरीवर? आणि मग अंगावरून झुरळ जावं तसं तिला कळलं. काल बाकड्यावर बसून तिला नुसती धास्ती वाटत नव्हती. तिला हेवा वाटत होता. आपल्या पोटच्या पोरीचा हेवा. कुणीतरी तिच्यासाठी दार लावून घेतलं होतं, खुर्ची पुढे केली होती, बोल म्हटलं होतं.

"मला कुणी नाही असं बसवलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच परका वाटला.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. मग आतली खुर्ची ओढली. "मग आता बसा."

ती बसली. दार तिच्यामागे अडकत, कुरकुरत लागलं. आत फिनेलचा वास होता, खिडकीत एका बाटलीत कसलंसं रोप होतं. समोर माणूस होतं आणि विचारायला तोंड मोकळं होतं, तर काय विचारायचं ते सुचेना. सोळा वर्षं साठलेलं सगळं एकदम दाराशी येऊन अडकलं. शेवटी तिने विचारलं, "तेव्हा... मला टाळता आलं असतं?"

"हो."

"माझ्या वयालाही? तेव्हाही?"

"तेव्हाही. कुणीतरी तासभर तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. तुमच्याशी आणि त्यांच्याशी. आणि इथलं दार तुमच्यासाठी उघडं हवं होतं."

"एवढंच?"

"बरंचसं एवढंच."

ती हसली. मग हसता हसता रडायला लागली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते आपल्या अंगातच कुठेतरी होतं; आपण तशाच होतो, आपलं रक्तच तसं. आईचा मार, आयाचं बोलणं, लोकांच्या वजाबाक्या, सगळं तिने स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. आणि होतं ते एवढंच. तासभराचं बोलणं. सिस्टरने तिला रडू दिलं. मग हळूहळू तिने विचारायला सुरुवात केली, आधी पोरीबद्दल विचारल्यासारखं, मग स्वतःबद्दल, पुस्तकातल्या बाणांपासून. काही उत्तरं ऐकून ती थक्क झाली. एका उत्तराला तर तिला हसूच फुटलं.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरगी बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, मधल्या पायरीवर अभ्यासाला बसली होती. आत अंधार होता, वीज गेलेली. ती पोरीशेजारी टेकली. पायरी अजून तापलेली होती. कसं बोलायचं याची तिने वाटेत तयारी केली होती, पण ती सगळी विसरली. "मी सिस्टरकडे गेले होते," ती म्हणाली.

पोरीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तू विचारलंस? आई! का विचारलंस?"

"तिने काही सांगितलं नाही."

"खरं?"

"शपथ. मी भांडले, तरी नाही सांगितलं."

पोरगी जिन्याच्या कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिली. मग रंगाकडेच बघत म्हणाली, "तसं काही नाहीये, आई. पोट तर दर महिन्याला दुखतं. मला नुसतं विचारायचं होतं. पिवळ्या घरातली आहे ना, तिलाही काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं एवढ्याने काही होत नाही. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, म्हणजे जेवढं तिला माहीत तेवढंच मला. मला भीती वाटली." ती थांबली. "मला शिकायचंय. मला तुझ्यासारखं नाही व्हायचं."

खालून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. पोरीने दचकून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तसं नाही, आई..."

"तसंच," ती म्हणाली. दुखलं होतं. पण दुखण्याच्या आत कुठेतरी काहीतरी मोकळंही झालं होतं. "बरोबर बोललीस. नकोच होऊस."

"मग मी?" पोरीचा आवाज एकदम लहान झाला. "तिथे भिंतीवर लिहिलंय. टाळता येतं. म्हणजे मी नको होते ना तुला?"

नाही गं, असं कसं बोलतेस, हे तिच्या जिभेवर आलं. तयार वाक्य होतं, प्रत्येक आईकडे असतं. पण ते तिने गिळलं. पोरगी तिच्याकडे बघत होती, आणि या डोळ्यांना गुळमुळीत उत्तर चालणार नव्हतं. "तू झालीस तेव्हा मी तुझ्याकडे बघायचेच नाही," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आजी तुला आणून शेजारी ठेवायची, दूध पाजून झालं की मी परत भिंतीकडे. मला शाळेत जायचं होतं. मला वाटायचं, हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मग एके दिवशी तू शिंकलीस."

"शिंकले?"

"लागोपाठ दोनदा. एवढीशी वस्तू मोठ्या माणसासारखी शिंकते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वळून बघितलं, तर तू स्वतःच दचकलेली. तोंड उघडं, हे काय झालं म्हणून. मला हसू आलं."

पोरगी हसली नाही. "म्हणजे नको होते."

"तेव्हा नको होतीस," ती म्हणाली. "तू कोण आहेस ते मला तेव्हा कुठे माहीत होतं?"

पोरीने गुडघ्यावर हनुवटी टेकवली, आणि तिचा खांदा आईच्या दंडाला येऊन लागला. मुद्दाम नव्हे, पायरीच अरुंद होती. पण मग तो तिथेच राहिला. आईची धास्ती गेली नव्हती. जाणारही नव्हती, हे तिला कळत होतं. उद्या पोरीला शाळेतून यायला उशीर झाला तर तिचा जीव पुन्हा टांगणीला लागेल, पुन्हा ती मागून तिच्या चालीकडे बघेल. "सिस्टरने तुला सांगितलं ते सगळं कळलं तुला?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला सांग. तिने मलाही सांगितलं, पण मी निम्मं रडण्यात घालवलं."

पोरगी वळून बघायला लागली, ही चेष्टा तर नाही ना म्हणून. मग पुस्तक मिटून, आवाज खाली आणून तिने सांगायला सुरुवात केली. शरीराचं, महिन्याच्या तारखांचं, काय खरं आणि गल्लीत बोलतात त्यातलं काय खोटं. सांगताना ती शाळेतल्या बाईंसारखी बोट नाचवत होती. एक-दोन ठिकाणी ती चुकली. आईने दुरुस्त केलं, तर वाद घातला. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर ओळखीची जड पावलं वाजली. नवरा गुडघे सांभाळत वर येत होता. भुवयांवर पांढरी धूळ, हातात हत्यारांची पिशवी. दोघी एकदम गप्प झाल्या.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

त्याने एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि त्याला काहीतरी उमगलं असावं. त्याचा चेहरा कावराबावरा झाला. "चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "मी खाली थांबतो." आणि वळायला लागला.

"अरे, जातोस कुठे? बस," ती म्हणाली.

"मी?"

"तूच. इथे."

तो घुटमळला. मग पिशवी खाली ठेवून, कण्हत, त्यांच्या दोन पायऱ्या खाली बसला, रस्त्याकडे तोंड करून. त्याची मान ताठ झाली होती, कान लाल. पोरीने त्याच्या पाठीकडे बघितलं, मग आईकडे. आईने मानेनेच खूण केली.

"कुठपर्यंत आलो होतो?" पोरगी म्हणाली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "याला काहीच माहीत नाही."